एका निर्दोष ओळखपत्राची गोष्ट

निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. मतदाराने फोटो असलेले ओळखपत्र दाखवले, फोटो आणि चेहरा जुळला, तरी तेवढ्याने त्याला मतदान करता येत नाही. त्याचे नाव मतदारयादीत सापडावे लागते. यादीत नाव नसेल, तर कार्ड अगदी खरे असूनही त्याला परत जावे लागते. आपल्या देशात अशी फोटो ओळखपत्रे द्यायला १९९३ साली सुरुवात झाली, पण यादी त्याआधीपासून होती आणि शेवटचा शब्द आजही यादीचाच आहे.

म्हणजे ओळखपत्र ही एकटी वस्तू नव्हे. तिच्यामागे कुठेतरी एक नोंदवही असते. कार्ड आपल्या खिशात असते, आपण ते हाताळतो, हरवले तर हळहळतो. नोंदवही मात्र कचेरीत असते आणि ती आपण सहसा पाहत नाही.

सुरक्षित, म्हणजे सहजासहजी नक्कल करता येणार नाही असे ओळखपत्र कसे बनवतात, हे या लेखात आपण पाहणार आहोत. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, नेदरलँड्समधले (आपल्याकडे या देशाला सर्रास हॉलंड म्हणतात) एक ओळखपत्र उदाहरण म्हणून घेऊ. तांत्रिक दृष्ट्या ते त्या काळात फार वरच्या दर्जाचे होते. या कार्डात काय काय होते आणि त्यातून पुढे काय घडले, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

चार प्रश्न

कोणतेही ओळखपत्र तपासणारा माणूस मनातल्या मनात चार प्रश्न विचारत असतो. हे कार्ड अस्सल कागदावर, अस्सल छापखान्यात तयार झाले आहे का? त्यावरचा मजकूर नंतर कोणी खोडून बदलला आहे का? कार्ड दाखवणारा आणि कार्डावरचा माणूस एकच आहे का? आणि हे कार्ड खरोखरच त्या कचेरीने याच माणसाला दिले होते का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कार्डातच दडवून ठेवता येतात. त्यासाठी कागद, शाई, गोंद, फोटो आणि बोटाचा ठसा ही साधने आहेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कार्डात ठेवता येत नाही. त्यासाठी कचेरीतली नोंद उघडावी लागते. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा फरक लक्षात ठेवू या.

नोंदी ठेवणारा देश

नेदरलँड्समध्ये १८५० सालापासून प्रत्येक गावात आणि शहरात रहिवाशांची नोंदवही ठेवली जात असे. जन्म, विवाह, मृत्यू, गावात येणे, गाव सोडणे अशी प्रत्येक घटना तिच्यात टिपली जाई. त्याबरोबर धर्म किंवा पंथाचाही एक रकाना होता. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू अशा समाजांच्या आपापल्या शाळा आणि संस्था होत्या, आणि कोण कुठल्या समाजाचा ही माहिती कामाची मानली जात होती.

१९३०च्या दशकात या नोंदवह्यांचे रूप बदलले. वहीऐवजी प्रत्येक व्यक्तीचे एक स्वतंत्र कार्ड करायचे असे ठरले. माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला की त्याचे कार्डही त्या गावच्या कचेरीत जायचे. यामुळे कोणाचीही नोंद चटकन सापडू लागली. आपल्याकडे ग्रंथालयात पुस्तकांची यादी वहीतून कार्डांवर आली तेव्हा जो फरक पडला, तसाच हा फरक होता. वहीत नोंदी आल्या त्या क्रमाने अडकलेल्या असतात, कार्डे मात्र हवी तशी लावता येतात. नावांच्या क्रमाने लावा, रस्त्यांच्या क्रमाने लावा, किंवा एखाद्या रकान्यात विशिष्ट शब्द असलेली तेवढीच वेगळी काढा.

या कामात पुढे असलेला अधिकारी म्हणजे याकोबस लेंट्स. लोकसंख्या नोंदणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा तो प्रमुख होता. अत्यंत काटेकोर, कामसू, नोंदीत एकही चूक राहू नये म्हणून झटणारा असा हा माणूस. प्रत्येक नागरिकाजवळ एक ओळखपत्र असावे आणि ते कचेरीतल्या नोंदीशी जोडलेले असावे, ही त्याची मोठी आकांक्षा होती. त्याने तशी योजना मांडलीही. १९४०च्या सुरुवातीला डच सरकारने ती नाकारली. प्रत्येकाने खिशात ओळखपत्र बाळगायचे म्हणजे प्रत्येक नागरिकाकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहायचे, आणि हे आपल्या परंपरेत बसत नाही, असे सरकारचे म्हणणे होते.

१० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि पाच दिवसांत देश शरण आला. राणी आणि मंत्रिमंडळ लंडनला गेले. कचेऱ्या मात्र जागच्या जागी राहिल्या आणि नोंदी ठेवणारे कारकूनही आपापल्या टेबलाशी राहिले. लेंट्सने आपला आराखडा आता नव्या राज्यकर्त्यांपुढे ठेवला.

कार्डाची रचना

हा आराखडा बर्लिनला तपासणीसाठी गेला. जर्मन गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पाहिला आणि जर्मनीतल्या स्वतःच्या ओळखपत्रापेक्षाही हे कार्ड सरस असल्याचा निर्वाळा दिला. ऑक्टोबर १९४० मध्ये हुकूम निघाला आणि एप्रिल १९४१ पासून १५ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला हे कार्ड घेणे आणि सतत जवळ बाळगणे सक्तीचे झाले.

आता या कार्डाचे घटक एकेक करून पाहू.

पहिला घटक कागद. या कागदात जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क होते. जलचिन्ह कागदावर छापलेले नसते, ते कागद ओला असतानाच त्यात तयार होते. लगदा ज्या जाळीवर पसरतात तिच्यावर तारेची नक्षी बसवलेली असेल, तर नक्षीच्या जागी तंतूंचा थर पातळ बसतो. कागद वाळल्यावर एरवी काही दिसत नाही, पण उजेडासमोर धरला की पातळ जागेतून जास्त प्रकाश येतो आणि आकृती उमटते. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या कागद कारागिरांनी ही युक्ती वापरायला सुरुवात केली. चलनी नोट खिडकीसमोर धरून मुलांना हा प्रयोग वर्गातच दाखवता येईल. जलचिन्हाचे बळ असे, की छापखाना असून भागत नाही, नक्कल करणाऱ्याला कागदाचा कारखानाच हवा.

दुसरा घटक शाई. कार्डाच्या छपाईत अशी शाई वापरली होती, की ती दिवसाच्या उजेडात दिसे, पण क्वार्ट्झच्या दिव्याखाली धरली की नाहीशी होई. हा दिवा म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा दिवा. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरण बाहेर पडतात. साधी काच त्यातले बरेचसे किरण अडवते, पण क्वार्ट्झ त्यांना जाऊ देते, म्हणून दिव्याची नळी क्वार्ट्झची करतात. दोन शाया आपल्या डोळ्यांना सारख्याच दिसल्या तरी अतिनील किरणांत त्यांचे वागणे अगदी निराळे असू शकते. दुकानातल्या शाईने कुणी हुबेहूब रंग साधला, तरी दिव्याखाली त्याची शाई तशीच राही आणि फसवणूक उघडी पडे.

तिसरा घटक फोटो आणि तो चिकटवण्याची पद्धत. हरवलेल्या किंवा चोरलेल्या कार्डावरचा फोटो काढून दुसरा लावणे ही सर्वांत सोपी लबाडी. ती रोखण्यासाठी फोटोला खास गोंद आणि त्याबरोबर एक पारदर्शक मोहर वापरलेली होती. फोटो उचकटला की मोहर फाटावी अशी योजना होती.

चौथा घटक म्हणजे उजव्या हाताच्या तर्जनीचा ठसा. चेहरा बदलतो, माणूस दाढी वाढवतो, वजन घटते, पण ठशातल्या रेषांची मांडणी बदलत नाही. याशिवाय सही होती, गावाचा संकेत होता आणि अनुक्रमांकही होता.

पाचवा घटक कार्डावर नव्हताच. कार्ड घेताना प्रत्येकाला एका पावतीवर सही करावी लागे. त्या पावतीवर दुसरा फोटो आणि दुसरा ठसा असे. पावती हेग शहरातल्या मध्यवर्ती कचेरीत जाई. म्हणजे प्रत्येक कार्डाचे एक जुळे भावंड हेगमध्ये असे, आणि गावच्या कचेरीत त्या माणसाची मूळ नोंद असे ती वेगळीच. कार्डाविषयी शंका आली की तिन्ही ठिकाणची माहिती ताडून पाहता येई.

ठशाचा प्रवास

बोटाच्या ठशाची ही पद्धत युरोपात गेली ती आपल्या देशातून, म्हणून थोडे थांबून तिच्याकडे पाहू. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर सहीसोबत हाताच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याच कुणी पैसे उचलू नयेत, हा त्यातला एक हेतू होता.

ठसे गोळा करणे सोपे होते. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधणे अवघड होते. ही अडचण कलकत्त्यात सुटली. पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणारे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात मोठा वाटा उचलला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली आणि १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ती पद्धत उचलली. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचेच मिळाले.

हेन्री काही काळ दक्षिण आफ्रिकेतही होते. त्याच देशाच्या ट्रान्सवाल भागात १९०६ सालापासून हिंदी लोकांवर बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती करण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रहाला सुरुवात केली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गला हमीदिया मशिदीच्या आवारात लोकांनी आपली नोंदणीपत्रे जाहीरपणे जाळली. निवृत्तिवेतनाचे रक्षण करणारा ठसा तिथे लोकांना अपमान वाटला. ठशाच्या रेषा त्याच होत्या, पण तो कोण घेत आहे आणि कशासाठी घेत आहे, यात फरक पडला होता.

एक अक्षर

आता पुन्हा नेदरलँड्सकडे वळू. जानेवारी १९४१ मध्ये, म्हणजे कार्डे वाटली जाण्याच्या थोडे आधी, आणखी एक हुकूम निघाला. पूर्णतः किंवा अंशतः ज्यू असलेल्या प्रत्येकाने आपली नोंद करावी. न केल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. सुमारे १,६०,००० लोकांनी नोंद केली. शिक्षेची भीती होतीच, पण त्याबरोबर आपला धर्म गावच्या नोंदीत आधीपासूनच लिहिलेला आहे, तेव्हा लपवून काय होणार, हेही अनेकांना दिसत होते.

१९४१च्या उन्हाळ्यात ज्यूंच्या ओळखपत्रांवर मोठे काळे जे हे अक्षर छापले जाऊ लागले. ज्यू या शब्दाचे ते आद्याक्षर. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावर ठिपके होते आणि एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. नकाशा अतिशय नेटका होता. जुलै १९४२ मध्ये ज्यूंना पूर्वेकडच्या छळछावण्यांत नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. कुणाच्या घरी जायचे याच्या याद्या तयार होत्या.

कागद, शाई, गोंद, ठसा आणि वर्गीकरण यांतल्या कशातही दोष नव्हता. दोष नव्हता म्हणूनच रस्त्यावरच्या तपासणीतून सुटणे कठीण झाले.

नक्कल करणारे कारागीर

याची तुलना त्याच काळातल्या फ्रान्सशी करून पाहण्यासारखी आहे. तिथली ओळखपत्रे साधी, पेनने भरलेली असत. शाई खोडता आली की नाव बदलता येई. पॅरिसमध्ये अदोल्फो कामिन्स्की नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हे काम करत होता. तो आधी रंगाऱ्याकडे आणि दुग्धालयात काम करून रसायने शिकला होता. मिथिलीन ब्लू हा निळा रंग लॅक्टिक आम्लाने घालवता येतो, हे त्याला दुधाच्या कामातून कळले होते. फाउंटन पेनच्या ज्या निळ्या शाईने ओळखपत्रे भरलेली असत, तिच्यावर त्याने तीच युक्ती चालवली. दह्यात असते तेच हे आम्ल. त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या कागदपत्रांवर हजारो ज्यूंचे, त्यात अनेक मुलांचे, प्राण वाचले. कामिन्स्की २०२३ मध्ये वारला.

डच कार्डावर अशी युक्ती चालण्यासारखी नव्हती. तिथे संपूर्ण कार्डच नव्याने बनवावे लागे. खेरिट फान देर फेन या शिल्पकाराने ॲमस्टरडॅममध्ये एक गुप्त मंडळ उभे केले. त्यात चित्रकार होते, अक्षररचनाकार होते, मुद्रक होते. पुढे ॲमस्टरडॅमच्या प्रसिद्ध कलासंग्रहालयाचे संचालक झालेले विलेम सांडबर्ग त्यांच्यात होते. फ्रान्स दुवेर नावाच्या मुद्रकाच्या छापखान्यात कार्डे छापली जात. या मंडळाने दिलेल्या बनावट कार्डांची संख्या सुमारे ८०,००० सांगितली जाते. ही कार्डे केवळ ज्यूंसाठी नव्हती. जर्मनीत सक्तीच्या मजुरीला जायचे टाळून लपलेले तरुणही होते. युद्धाच्या अखेरीपर्यंत लपून राहिलेल्यांची एकूण संख्या सुमारे तीन लाखांवर गेली होती.

ही बनावट कार्डे इतकी चांगली झाली, की रस्त्यावरच्या पोलिसाला संशय येऊ नये. पण इथे आपला चौथा प्रश्न आडवा आला. पोलिसाने कार्डावरचा क्रमांक घेऊन कचेरीत विचारणा केली, की तिथे त्या क्रमांकापुढे दुसराच माणूस निघे, किंवा तसा कोणी माणूसच नसे. कारागिरी कितीही साधली तरी नोंदवहीची नक्कल करता येत नव्हती. काही गावांतल्या कारकुनांनी जोखीम पत्करून नोंदीतच खोटी नावे घातली, आणि अशी कार्डे सर्वांत भरवशाची ठरली, कारण त्यांच्यामागे नोंद होती.

नोंदवहीवर हल्ला

शेवटी या कलावंतांनी नोंदवहीच नष्ट करायचे ठरवले. २७ मार्च १९४३च्या रात्री पोलिसांच्या गणवेशातली काही माणसे ॲमस्टरडॅमच्या नागरी नोंदणी कचेरीत शिरली. त्यांत फान देर फेन आणि चित्रकार, लेखक विलेम आरोन्देउस होते. गणवेश स्योर्ड बाकर नावाच्या शिंप्याने शिवले होते. दोन तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पहारेकऱ्यांना गुंगीचे इंजेक्शन दिले. मग त्यांना जवळच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले, म्हणजे कुणाचा जीव जाऊ नये.

कागद जाळणे सोपे असेल असे आपल्याला वाटते. पण कपाटात घट्ट रचलेली कार्डे सहज जळत नाहीत. आतल्या कार्डांना हवा मिळत नाही, त्यामुळे फक्त कडा करपतात. कागदाचा जाड गठ्ठा शेकोटीत टाकून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. म्हणून त्यांनी खण ओढून कार्डे जमिनीवर पसरली, त्यांवर ज्वालाग्राही द्रव ओतला आणि स्फोट घडवले. अग्निशामक दलातले काही लोक त्यांच्या बाजूचे होते. त्यांनी यायला वेळ लावला आणि आल्यावर गरजेपेक्षा जास्त पाणी मारले, म्हणजे जळले नाही ते निदान भिजून खराब व्हावे.

एवढे करूनही सुमारे १५ टक्केच नोंदी नष्ट झाल्या. काही दिवसांत कुणीतरी फितुरी केली आणि बहुतेक जण पकडले गेले. १ जुलै १९४३ रोजी आरोन्देउस, बाकर आणि इतर दहा जणांना समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घालून मारण्यात आले. फान देर फेन तेव्हा निसटला, पण पुढच्या वर्षी सापडला. १० जून १९४४ रोजी त्याला आणि मुद्रक दुवेरला मृत्युदंड दिला गेला.

हेगमधल्या पावत्या अजून शाबूत होत्या. ११ एप्रिल १९४४ रोजी डच प्रतिकार चळवळीच्या विनंतीवरून ब्रिटिश वायुदलाच्या सहा मॉस्किटो विमानांनी त्या कचेरीवर, क्लेकाम्प नावाच्या इमारतीवर, अगदी कमी उंचीवरून बॉम्ब टाकले. कपाटे उघडी असावीत म्हणून कामाची वेळ निवडली होती. त्यामुळे आत काम करणारे कर्मचारीही मारले गेले. मृतांचा आकडा साठच्या आसपास होता. पुष्कळ पावत्या जळाल्या, पण तोवर बहुतेक ज्यूंना नेऊन झाले होते.

नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० ज्यूंना छळछावण्यांत नेले गेले, त्यांपैकी सुमारे ५,००० परत आले. देशातल्या ज्यूंपैकी जवळजवळ चार जणांतले तीन मारले गेले. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के आणि फ्रान्समध्ये सुमारे २५ टक्के होते. हा सगळा फरक ओळखपत्रामुळे पडला असे म्हणणे बरोबर होणार नाही. जर्मन राज्यकारभाराचे स्वरूप, स्थानिक पोलिसांचे सहकार्य, सपाट प्रदेश, सरहद्दीपार निसटण्याच्या वाटा नसणे अशी अनेक कारणे इतिहासकार देतात. मात्र नेटक्या नोंदी हे त्यांतले एक कारण होते, यावर फारसे दुमत नाही.

दोन अधिकारी

लेंट्स हा नाझी विचारांचा कडवा माणूस होता असे दिसत नाही. आपले काम उत्तम व्हावे एवढीच त्याची इच्छा होती, आणि ते कुणासाठी चालले आहे हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. युद्धानंतर त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

फ्रान्समध्ये राष्ट्रीय सांख्यिकी खात्याचा प्रमुख रने कार्मिय होता. त्याच्याकडे तर भोके पाडलेल्या कार्डांची गणनयंत्रे होती. ज्यूंच्या याद्या यंत्रांवर काढण्याच्या कामात त्याने मुद्दाम दिरंगाई केली असे मानले जाते. ती किती, कशी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण हीच यंत्रे तो प्रतिकार चळवळीसाठीही गुपचूप वापरत होता, एवढे नक्की. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला अटक झाली आणि जानेवारी १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तो मरण पावला. दोघेही आपापल्या कामात निष्णात होते.

कागदाकडून नोंदीकडे

युद्धानंतर ओळखपत्र बनवण्याचे तंत्र पुष्कळ पुढे गेले. आपले पारपत्र नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होते. त्यात आजही जलचिन्ह असते आणि अतिनील प्रकाशात उजळणारी नक्षी असते. अनेक देशांत कार्डासाठी पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक वापरतात. त्याचे अनेक थर उष्णतेने एकजीव करतात आणि लेसरच्या किरणांनी आतल्या थरात फोटो काळा उमटवतात. फोटो पृष्ठभागावर नसल्यामुळे तो खरवडून काढता येत नाही.

पण याहून मोठा बदल वेगळा आहे. सुरक्षितता हळूहळू कार्डातून निघून नोंदीत गेली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारसाठी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. लोकांच्या हाती येणारा कागद मात्र साधा असतो. महत्त्व बारा अंकांना आणि त्यांच्यामागच्या नोंदीला आहे. कागदावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चिन्हात माहितीबरोबर एक अंकीय सही असते. ही सही माहितीतल्या अक्षर न् अक्षरावरून गणिताने काढलेली असते. एक अक्षर बदलले तरी पडताळणी चुकते. लेंट्सने जलचिन्ह, शाई आणि गोंद यांच्याकडून जे काम करून घेतले, ते आता गणित करते.

अशा वेळी नोंदीत काय लिहायचे, याला पूर्वीपेक्षाही जास्त महत्त्व येते. आधारच्या २०१६ सालच्या कायद्यात एक लक्षात घेण्यासारखे कलम आहे. आधारसाठी घ्यायच्या माहितीत वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न आणि वैद्यकीय इतिहास यांचा समावेश करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०१८च्या निकालात आधारचा वापर कुठे चालेल, कुठे नाही, याच्या मर्यादा आखल्या. शाळेतल्या प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हे त्याच निकालात आले.

आपल्या हातातली नोंदवही

हा सगळा इतिहास शिक्षकांना का सांगायचा? कारण आपण शिक्षक स्वतः नोंदी ठेवणारे लोक आहोत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात आपल्याच हाताने लिहिली जाते. जनगणना, मतदारयादी अशा कामांतही आपली गाठ रकान्यांशीच पडते.

आपल्या रजिस्टरातला जातीचा रकाना वाईटच आहे, असा या गोष्टीचा अर्थ नाही. त्याच रकान्याच्या आधारे मुलाला शिष्यवृत्ती मिळते, जातीचा दाखला मिळतो, पिढ्यान् पिढ्या नाकारलेली संधी मिळते. आजोबांच्या शाळेतली जुनी नोंद सापडावी म्हणून जिल्हाभर वणवण करणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. तो रकाना कुणी आज खोडून टाकला, तर नुकसान त्यांचेच होईल.

म्हणून आम्हाला वाटते, की प्रत्येक रकान्याला तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी आणि मुलांनाही लावावी. ही माहिती कोणत्या कामासाठी हवी आहे? ते काम झाल्यावर ती कुणाकुणाला पाहता येईल? आणि उद्या ही नोंदवही दुसऱ्याच्या हाती गेली, तर तो हिचे काय करील? पहिला प्रश्न कचेऱ्या कधी कधी विचारतात, दुसरा क्वचित. तिसरा प्रश्न १८५० साली धर्माचा रकाना आखणाऱ्या डच कारकुनाच्या मनात येणे शक्य नव्हते. आपल्याला मात्र त्या देशात पुढे काय झाले ते माहीत आहे. नववी-दहावीच्या मुलांना जागतिक महायुद्धे शिकवताना या कार्डाची गोष्ट सांगावी, विज्ञानाच्या तासाला नोटेतले जलचिन्ह दाखवावे आणि मग शाळेतला एखादा कोरा प्रवेश अर्ज वर्गात वाचून त्यातल्या एकेका रकान्याला हे तीन प्रश्न लावून पाहावेत.